‘द्याल ते द्या’ म्हणणं आता पुरे

बचत गटाच्या कोणत्याही उद्योगाचा प्रकल्प-अहवाल उघडून पाहा. कच्चा माल, वाहतूक, पॅकिंग, जागेचं भाडं, वीज, कर्जाचा हप्ता असे सगळे रकाने त्यात असतात. आठ-दहा बायका सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ज्या राबणार, त्या राबण्याचा रकाना बहुधा नसतो. असलाच तर ‘सभासदांचे श्रम : स्थानिक सहभाग’ असं लिहून पुढे शून्य टाकलेलं असतं. मग सगळा खर्च वजा जाता जे उरतं त्याला आपण ‘नफा’ म्हणतो, तो बायकांत वाटतो आणि वार्षिक अहवालात फोटोसह छापतो. मैत्रिणींनो, तो नफा नव्हे. ती मजुरी आहे, आणि पुष्कळदा तीही अर्धीमुर्धी.

पापड, लोणची, मसाले यांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं चालत आलं. आता गटांच्या उद्योगांच्या यादीत ‘साफसफाई सेवा’ आली आहे. त्याचं कारण आपल्याला माहीत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सोसायट्यांची फाटकं घरकाम करणाऱ्या बायकांच्या तोंडावर बंद झाली. काहींची कामं नंतर परत मिळाली, काहींची मिळालीच नाहीत. तेव्हापासून वस्तीतल्या बैठकांत विचारणा होते : “ताई, एकेकीनं दारोदार जाण्यापेक्षा चौघी-पाचजणी मिळून कामं घेतली तर?” विचार उत्तम आहे. पण मसाल्यात निदान मिरची-धणे तरी विकायला असतात. साफसफाईत बादली, फडकी आणि फिनेल सोडलं तर विकायला बाईच्या श्रमांशिवाय दुसरं काहीच नाही. इथे श्रमांचा रकाना कोरा ठेवला तर हिशेबात उरतंच काय?

हे सगळं मांडावंसं वाटलं त्याला निमित्त झालं एका प्रशिक्षण शिबिराचं. एका संस्थेनं नेमलेले मार्गदर्शक साफसफाईचा व्यवसाय ‘कसा उभारावा’ यावर बोलत होते. त्यांच्या पत्रकात ठळक अक्षरांत सल्ला होता : बाजारभावापेक्षा दहा-पंधरा टक्के दर कमी ठेवा, म्हणजे कामं पटकन मिळतील. समोर बसलेल्या बायका माना डोलावत होत्या. बाजारभाव म्हणजे कोणाचा भाव, तो कसा ठरतो, आणि ते दहा-पंधरा टक्के कोणाच्या पोटातून कापायचे, हे विचारल्यावर गृहस्थ म्हणाले, “मॅडम, सुरुवातीला थोडा त्याग करावा लागतो.” त्याग! बाईच्या बाबतीत हा शब्द किती सहज तोंडात येतो, बघा. टेम्पो घेऊन वाहतुकीचा धंदा सुरू करणाऱ्या तरुणाला डिझेलचा त्याग करायला कोणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता आकड्यांकडे येऊ. आपल्या पत्रिकेत आकडे कमी आणि घोषणा जास्त असतात अशी तक्रार मी पूर्वीही केली आहे, म्हणून थोडं सविस्तर मांडते. पुण्यासारख्या शहरात दोन बेडरूमचा रिकामा झालेला फ्लॅट पूर्ण साफ करायचा आहे असं समजू : जळमटं, पंखे, खिडक्या, जाळ्या, स्वयंपाकघराचा ओटा आणि त्यावरचं तेलकट चिकट, दोन संडास-बाथरूम, सगळी फरशी. तिघी बायका, सकाळी नऊ ते दुपारी चार. गट दर सांगतो दोन हजार रुपये. सामान अडीचशेचं, बादल्या आणि मशीन नेण्या-आणण्याची रिक्षा तीनशे. उरले साडेचौदाशे. प्रत्येकीच्या हातात चारशे ऐंशीच्या आसपास पडतात. बायका म्हणतात, वाईट काय? रोज तर सुटला!

रोज सुटला, पण त्या दिवसापुरता. आदल्या दिवशी एकजण घर बघायला गेली होती, तिचा अर्धा दिवस कुठे गेला? फोनवर ठरवाठरवी कोणी केली? काम संपल्यावर पोतेरी धुऊन वाळवायला कोणी घेतली? मशीन तीन वर्षांनी भंगारात जाईल तेव्हा नवं कशातून येणार? आणि सर्वांत मोठी गोष्ट, उद्या काम आहे का? मोलकरीण म्हणून तिला महिन्याचे पैसे ठरलेले होते. इथे जितके दिवस काम, तितकेच दिवस पैसे. रिकाम्या दिवसाचा खर्च तिच्या घरातल्या डब्यावर पडतो.

म्हणून हिशेब उलट्या बाजूनं करायला हवा. आधी विचारायचं : या बाईच्या हातात महिन्याला किती पडले पाहिजेत? समजा आपण अठरा हजार धरले. (कोणाला हे जास्त वाटत असेल तर तिनं खोलीचं भाडं, गॅस, शाळेची फी आणि सासूचं औषध यांची बेरीज एकदा करून पाहावी.) नव्या गटाला पहिल्या वर्षी महिन्यातून सोळा दिवस काम मिळालं, तर एका दिवसाचे होतात ११२५ रुपये. तिघींचे ३३७५. सामान ३००. रिक्षा आणि बायकांचं जाणं-येणं मिळून ४००. चोवीस हजारांची मशीनं तीन वर्षं चालणार असं धरलं तर महिन्याला ६६७, म्हणजे एका कामामागे साधारण ४२ आणि दुरुस्तीसह ७५. घर पाहणं, फोन, हिशेब यांच्यासाठी ५००. झाले ४६५०. त्यावर दहा टक्के गंगाजळी : आजारपण, फुटलेली काच, बुडालेले पैसे यांच्यासाठी. एकूण ५११५.

दोन हजार कुठे आणि पाच हजार कुठे! एका बैठकीत मी हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा बायका मोकळेपणी हसल्या. “इतके कोण देतंय ताई, आम्हाला पोलिसात देतील!” पण तोच हिशेब सोळाऐवजी वीस दिवस काम धरून करा. मजुरी दिवसाला ९०० होते, तिघींची २७००. मशीनचा वाटा थोडा घटून ६०. बाकी तेच. बेरीज ३९६०, आणि गंगाजळीसह सुमारे ४३५६. बाईच्या अठरा हजारांतला एक रुपयाही न कापता दर साडेसातशे रुपयांनी उतरला. भाव उतरवायचाच असेल तर रिकामे दिवस कमी करायला हवेत. त्यासाठी घरांच्या साफसफाईला जोड म्हणून एखादा दवाखाना, एखादी शिकवणी, दोन-तीन ऑफिसं अशी आठवड्याची बांधलेली कामं शोधावी लागतात. त्या पत्रकात याबद्दल एक ओळ नव्हती. दर कमी करा, एवढंच.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. दोन वर्षांत आम्हाला प्रस्ताव लिहायला चांगले शिकवले. त्यात समन्वयकाचं मानधन, प्रवासखर्च, स्टेशनरी, अगदी बैठकीच्या चहाचाही रकाना असतो. तो नसेल तर निधी देणारी संस्था प्रस्ताव परत पाठवते. मग ज्यांच्या नावानं तो प्रस्ताव आहे त्या बायकांच्याच उद्योगात श्रमांचा रकाना ऐच्छिक कसा? आपल्या मानधनाला आपण खर्च म्हणतो, आणि त्यांच्या मजुरीला सहभाग. हा भेद कोणा भांडवलदारानं आपल्यावर लादलेला नाही. तो आपल्याच कार्यालयांत टाइप होतो.

याचं मूळ घरात आहे हे आपण शिबिरांतून सांगतच असतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामासाठी स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८, असं दिसलं (ही कामं करणाऱ्यांपुरती ही सरासरी आहे). पावणेपाच तासांहून अधिक काळ जे काम रोज फुकट होतं, ते बाहेर विकायला नेलं की गिऱ्हाइकाला ते महाग वाटतं. आणि खुद्द बाईलाही त्याचा भाव सांगताना लाज वाटते! “त्यात काय, झाडायचं तर आहे.” “द्याल ते द्या.” सुतार असं म्हणत नाही. प्लंबर तर नळ बघायचेच पैसे घेतो.

या कामाचा भाव बाजारात कसा पाडला जातो याचं ताजं उदाहरण मुंबईतलं आहे. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीनं ‘इन्स्टा मेड्स’ या नावानं पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पाठवण्याची सेवा सुरू केली. सुरुवातीचा दर होता ताशी ४९ रुपये. टीका झाली, तेव्हा नाव बदलून ‘इन्स्टा हेल्प’ केलं गेलं. बाईला आम्ही याहून बरेच जास्त देतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. देत असतीलही. गुंतवणूकदारांचा पैसा पाठीशी असला की काही महिने तोटा सोसता येतो. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात तासाला ४९ हा आकडा बसला, आणि उद्या आपला गट दारात उभा राहील तेव्हा त्याच्याशीच तुलना होईल. त्या शर्यतीत उतरून आपण जिंकणार नाही, आणि उतरूही नये. अशा कंपन्यांत काम करणाऱ्या बायकांची स्थितीही डोळ्यांआड करू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामला याच कंपनीसाठी सौंदर्यसेवा देणाऱ्या स्त्रिया कमिशन आणि कामाच्या अटींविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. कागदोपत्री त्यांना ‘पार्टनर’ म्हणतात. आपण ‘उद्योजिका’ म्हणतो. शब्द गोड आहेत दोन्ही.

स्वस्त दराचा दुसरा बळी कोण असतो? तीच आपली दुसरी मैत्रीण. सोसायटीचे जिने वर्षानुवर्षं झाडणारी बाई आधीपासून तिथे असते. महिला गट कमी पैशांत तयार झाला की सेक्रेटरी तिला सांगतो, उद्यापासून येऊ नको. वर संस्थेच्या अहवालात ‘पाच महिलांना रोजगार’ अशी नोंद होते. जिचा गेला तिची नोंद कोण करणार? १९८० साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. कामाचे दर ठरवायचे आणि त्याखाली कोणी जायचं नाही, हे त्या बायकांना कोणत्याही प्रशिक्षकाशिवाय कळलं होतं. आपल्या गटाचा दर त्या भागातल्या मोलकरणींच्या दराखाली असेल, तर आपण संघटन करत नाही, दर पाडायचं काम करतो आहोत. मी स्पष्टच लिहिते : कोणत्याही जागी काम घेण्याआधी तिथे आधी कोण होतं हे विचारा, आणि शक्य असेल तर तिला गटात घ्या. ती नाही म्हणाली, तर ते काम सोडा.

एक आक्षेप मात्र मला मनापासून गंभीर वाटतो. दलित कार्यकर्त्या मैत्रिणी विचारतात, “आमच्या बायकांच्या हातात पुन्हा झाडूच का देता?” या प्रश्नाला ‘कोणतंही काम हलकं नसतं’ असं शाळेच्या फळ्यावरचं उत्तर देऊ नये. काम हलकं नसतं, पण ते कोणी करायचं हे या देशात जातीनं ठरवलं आहे, आणि भाव वाढला म्हणून जात गळून पडत नाही. गटातल्या काहीजणी हिशेब आणि फोन सांभाळतात, आणि संडास घासायला नेहमी त्याच दोघी जातात, असं झालं तर तो गट नव्हे, ती आपल्या घरातलीच उतरंड झाली. माझं म्हणणं असं की संडास-बाथरूमची पाळी सर्वांना, हिशेब लिहिणारीलाही, आणि हिशेबाची वहीही सर्वांच्या हातून फिरली पाहिजे. ज्या गटाला हे मान्य नाही त्यानं साफसफाईचं काम सुरू करू नये. आणि ड्रेनेजचं चेंबर, सेप्टिक टँक यात उतरायचं नाही, कोणी दुप्पट दिले तरी नाही. २०१३ च्या कायद्यानं संरक्षण-साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणं गुन्हा आहे, हे बायकांना माहीत असतंच असं नाही. “बघा ना जरा, तुंबलंय” अशा गोड शब्दांत ते सांगितलं जातं.

मुलींना हा धंदा शिकवावा का, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. मला वाटतं, शिकवू नये. आयांनी कमावून मुलींना शिकवावं. पण हा वाद वेगळा आहे, त्यावर कोणीतरी स्वतंत्र लिहावं.

कंत्राटांविषयी थोडं. सरकारी कार्यालयं, बँका, रुग्णालयं साफसफाई बाहेर देतात, आणि सर्वांत कमी दराचं टेंडर पास होतं. किमान वेतन सर्वांना सारखंच लागू असेल, तर एका कंत्राटदाराचा दर दुसऱ्यापेक्षा इतका कमी कसा येतो? कागदावरची माणसं आणि प्रत्यक्षातली माणसं यांत फरक असतो, भविष्यनिर्वाह निधी भरला जात नाही, सुट्टीचे पैसे कापले जातात. महिला गटानं या स्पर्धेत उतरताना तीच युक्ती करायची का? ‘आम्ही गट आहोत, आमच्यात मालक-कामगार नाही’ असं म्हणून विमा आणि निधी टाळणारे गट मी पाहिले आहेत, आणि ही पळवाट त्यांना दाखवणारी माणसं बहुधा आपल्यासारखीच सुशिक्षित असतात. दहा कामगार झाले की कर्मचारी राज्य विमा आणि वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो हे धरूनच दर काढायला हवा. मालकाचा हिस्सा विम्यासाठी वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि निधीसाठी बारा टक्के असतो. हा पंधरा टक्क्यांचा भार नंतर आठवला तर तो मजुरीतूनच जातो.

जे हक्काचं आहे ते मात्र सोडू नये. ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि पूर्णपणे फुकट आहे. तिच्यासाठी हजार-दोन हजार घेणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी-धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायच्या खरेदीत स्त्रियांच्या उद्योगांसाठी तीन टक्के राखीव आहेत, आणि अशा उद्योगांना अनामत रक्कम भरण्यातूनही सूट मिळते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तोवर सेवा देणाऱ्या छोट्या गटाला साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. दर पत्रकावर उगाच अठरा टक्के लावायला सांगणारे सल्लागारही भेटतात. घरकाम करणाऱ्या ज्या बायकांनी महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळात, म्हणजे २००८ च्या कायद्याखाली, नोंदणी केली आहे, त्यांनी ‘आता मी उद्योजिका झाले’ म्हणून ती नोंदणी सोडून देऊ नये.

दर सांगताना काय सांगायचं, यावर आमच्या बैठकांत सर्वांत जास्त वेळ गेला. फोनवर दर सांगायचा नाही. घर पाहायचं, काय करणार आणि काय करणार नाही ते कागदावर लिहून द्यायचं. माळा त्यात नाही, चिमणीचे वेगळे, आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या बाहेरून पुसायच्या नाहीत म्हणजे नाहीत. निम्मे पैसे आगाऊ. “आधीच्या बाई पंखे पण करायच्या” यावर उत्तर एकच : पंख्यांचा दर कागदावर लिहिला आहे. संडासचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करायला कोणी सांगितलं, अगदी घरमालकिणीनं स्वतः आणून दिलं तरी, करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत जातो. हातमोजे आणि बूट सामानाच्या खर्चात धरा. गिऱ्हाइकाच्या घरी दोघींपेक्षा कमी जायचं नाही, यामुळे छोटी कामं महाग पडतात, तरीही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार स्त्रिया स्पष्टपणे येतात, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हा पत्ता दराच्या कागदाबरोबरच प्रत्येकीच्या पिशवीत असावा.

एका सोसायटीत आमच्या परिचयाच्या गटाला अट घातली गेली : लिफ्ट वापरायची नाही, संडास वापरायचा नाही. सात मजले, सात तासांचं काम. बायकांनी दरात दोनशे वाढवून मागावेत, असं एका कार्यकर्तीनं सुचवलं. मला ते पटलं नाही. अपमानाचा दर लावला की तो विकाऊ होतो. बायकांनी काम नाकारलं. त्या महिन्याचे चार दिवस रिकामे गेले, ते गंगाजळीतून भरले. ते दहा टक्के लावले होते म्हणून नाकारता आलं. दोन हजारांत काम करणाऱ्या गटाला तेही परवडलं नसतं.

पुण्याच्या कचरावेचकांचं उदाहरण आपल्यासमोर आहेच. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली, आणि पुढे तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. घरटी शुल्क कचरा नेणारी बाई स्वतः गोळा करते. ‘काय ते द्या’ नाही, ठरलेला आकडा. त्यासाठी त्यांना प्रत्येक नव्या प्रशासनाशी नव्यानं भांडावं लागलं, हेही खरं. पण आकडा उघड आहे म्हणूनच भांडता येतं.

जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गटांचे दर पत्रक घेऊन या. मसाल्याचं असो, शिवणाचं असो की साफसफाईचं. नाव झाकलं तरी चालेल. फक्त त्यात मजुरीचा रकाना आहे का, तेवढं पाहू. नसेल तर तो तिथेच, सर्वांसमोर भरू, आणि भरल्यावर जो दर येईल तो गिऱ्हाइकाला कोण सांगणार हेही त्याच बैठकीत ठरवू.